काचेचं खालचं टोक

ठमी काचेच्या दुकानात हेल्पर होती, आणि हा शब्द तिच्या आईच्या तोंडून चुकूनही बाहेर पडत नसे.

आई सार्वजनिक वाचनालयात काउंटरवर बसायची. भाषेची पदवी घेतलेली बाई, शब्द तोलूनमापून वापरणारी. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "एका इंटिरियरच्या फर्ममध्ये असिस्टंट आहे." यातलं काहीच खोटं नाही, अशी ती स्वतःची समजूत घालायची. खिडक्यांना काचा बसवणं म्हणजे इंटिरियरच झालं. आणि असिस्टंट म्हणजे तरी काय, मदत करणाराच की.

पण मनातून तिला फरक पक्का ठाऊक होता. असिस्टंटच्या शर्टाला इस्त्री असते. सहायक म्हटलं की टेबल आलं, खुर्ची आली, म्हातारपणची सोय आली. मदतनीस हा शब्द जाहिरातीत आणि आभाराच्या भाषणातच भेटतो. रस्त्यात त्या नावाने कुणी कुणाला हाक मारत नाही. हाक मारतात ती हेल्परला. वायरमनची शिडी धरून उभा असतो तो हेल्पर. ट्रक मागे घेताना पत्र्यावर थापा मारतो तो हेल्पर. वायरमनला चहा दिल्यावर सगळ्यात शेवटी "तू घेणार का रे?" असं ज्याला विचारतात, आणि ज्याचं नाव विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही, तो. शब्दकोशात या शब्दापुढे अगदी चांगला अर्थ दिला होता. आईने तो काढून बघितलाही होता. पण लोक काही शब्दकोशात बघून बोलत नाहीत.

लहानपणी गुटगुटीत होती म्हणून ठमी. आता चोविशीत अंगाने काटक झाली होती, खांदे भरले होते, तरी नाव तेच राहिलं. कॉलेज झाल्यावर तिने एका ऑफिसात नोकरी धरली होती. तिथून ती संध्याकाळी पिळून काढलेल्या फडक्यासारखी घरी यायची. मग एकदा फुटलेला आरसा बदलायला काचेच्या दुकानात गेली आणि मिस्त्री काच कापतात ते बघत तिथेच उभी राहिली. मिस्त्रींचा जुना हेल्पर त्याच महिन्यात काम सोडून गेला होता. पुढच्या आठवड्यात ठमीने ऑफिस सोडलं. घरी सांगितलं ते हातमोजे विकत आणल्यावर.

तेव्हापासून आईच्या जिवाला घोर. रोज संध्याकाळी ती ठमीचे दोन्ही हात दिव्याखाली धरून उलटेपालटे करून बघायची. ठमीचे बाबा वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणायचे, "हात झाले का बघून? आता दात बघ. बैल घेताना दातही बघतात."

"तुम्हाला गंमत सुचते," आई म्हणायची. "काचेशी खेळ आहे तो."

"खेळ नाही ग," ठमी म्हणायची. "खेळात नियम मोडले तरी चालतं."

नियम तिने एकदा जेवताना सांगितले होते. मोठी काच दोघं उचलतात. जिना चढताना मिस्त्री वरच्या टोकाला, हेल्पर खालच्या. आणि काच हातात आहे तोवर एकच माणूस बोलतो.

"मिस्त्री," आई म्हणाली.

"मी."

"तू कशी?"

"वर जाणारा उलटा चढतो, पायऱ्यांकडे पाठ करून. त्याला काचेची कड दिसते आणि स्वतःचे पाय. अख्खी काच खालच्याला दिसते. म्हणून खालच्याने बोलायचं आणि वरच्याने ऐकायचं. मालक असो, गिऱ्हाईक असो, बाकी सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं."

"आणि तू बोलतेस काय?"

"थांब. चल. पायरी. टेकव. सोड. असलेच शब्द."

आईचा घास हातातच राहिला. "थांब? त्यांना तू 'थांब' म्हणतेस? तुझ्या बाबांपेक्षा मोठे आहेत ते."

"'थांबा हं काका' म्हणून होईपर्यंत कोपरा भिंतीला लागतो, आई. काच खाली ठेवली की पुन्हा अहो काका, जाहो काका."

"आणि 'सोड' कशाला?"

ठमीने ताटाकडे बघत सांगितलं, "सोड म्हणजे सोड. हात काढायचे आणि मागे व्हायचं, दोघांनी एकदम. का, ते नंतर विचारायचं. पडणारी काच वाचवायला जातो त्याची बोटं जातात. सगळ्यांचा हात आपोआप पुढे जातो, म्हणून तर नियम करावा लागला."

हे विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं आईला पुढे कित्येक दिवस वाटत राहिलं.

त्यातच वाचनालयात एक जागा निघाली. ग्रंथालय असिस्टंट. ग्रंथपाल साहेबांनी स्वतःहून आईला केबिनमध्ये बोलावलं. "बाई, तुमची मुलगी असिस्टंट म्हणून काम करते म्हणता ना? मग बाहेरचं माणूस कशाला शोधू? विचारा तिला. आठवड्याभरात सांगा." आई त्या दिवशी घरी चालत गेली नाही, तरंगत गेली. सावलीतली नोकरी, पुस्तकांचा सहवास, आणि असिस्टंट हा शब्द आता ओढूनताणून नव्हे, राजरोस वापरता येणार.

ठमी हात धूत होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "नको ग आई."

"विचार तरी कर."

"केला. नको."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "विचार करतेय ती." त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. मुलीचं मन आज ना उद्या वळेल, तोवर जागा हातची जाऊ नये, एवढाच तिचा हेतू होता. साहेब भला माणूस, थांबले होते.

त्याच आठवड्यात वाऱ्याने वरच्या वाचन-हॉलची मोठी खिडकी आपटली आणि काच आरपार तडकली. दरवाजाएवढी उंच आणि त्याच्या दुप्पट रुंद काच. असली काच बसवणारं दुकान आसपास एकच होतं.

"उद्या तुमच्याकडे येतोय आम्ही," ठमी म्हणाली.

"तू पण?"

"मग काय काच एकट्या काकांच्या डोक्यावर देऊ?"

आई जरा वेळ पोळपाट पुसत राहिली. पुसलेलाच पुन्हा पुसला. "ओळख दाखवू नकोस असं मी म्हणत नाही."

"मग काय म्हणतेस?"

"शर्ट जरा बरा घाल, इतकंच."

"हो, घाल," बाबा म्हणाले. "काचेलाही बरं वाटेल."

ठमी आली ती नेहमीच्याच शर्टात. काच खाली टेम्पोत होती. मिस्त्री टेम्पोजवळ थांबले आणि ठमी एकटी आत आली. काउंटरकडे बघून नुसती मान हलवली आणि सरळ जिन्यापाशी गेली. वाचनालयाचा जिना जुना, रुंद, मध्ये एक वळण आणि वळणावर सपाट जागा. ठमी तो चढून गेली, उतरून आली, वळणावर उभं राहून दोन्ही हात पसरून स्वतःभोवती फिरली. काउंटरसमोर उभे असलेले दोघं वाचक पुस्तकं विसरून बघत होते. आई परत आलेल्या पुस्तकांच्या चळतीत डोकं घालून बसली.

मग ठमीने जिना रिकामा करायला घेतला. कुंड्या हलवल्या. जिन्याखाली एक खुर्ची होती आणि त्या खुर्चीवर पेपरवाले आजोबा होते. वाचनालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते तिथेच असत. साहेबसुद्धा त्यांना वळसा घालून जात.

"आजोबा, जरा तिकडे बसता का?"

"मी रोज इथे बसतो."

"माहीत आहे. आज तुमच्या डोक्यावरून काच जाणार आहे."

"पडणार आहे का?"

"नाही. पण पडलीच तर आधी तुमच्या पेपरावर पडेल. मग तो कुणालाच वाचता यायचा नाही."

आजोबांनी पेपराची घडी घातली आणि उठले. तेवढ्यात साहेब चहाचा कप घेऊन वरून उतरायला लागले. "सर, तुम्ही वरच थांबा," ठमीने खालूनच सांगितलं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं आणि उलट पावली वर गेले. वाचनालयात साहेबांना असं कुणी सांगितल्याचं आईला आठवत नव्हतं. तिचे कान तापले. वरच्या वाचकांना समजावून सांगायला हवं असं काहीतरी पुटपुटत ती लगबगीने जिना चढून गेली आणि वरच्या पायरीशी, साहेबांच्या पुढे, उभी राहिली. ठमीने तिला जाताना पाहिलं, पण काही बोलली नाही.

काच आत आली. मिस्त्री पुढे, उलट्या पावली, तोंड ठमीकडे; ठमी मागे. जिन्याला लागल्यावर मिस्त्री वर आणि ती खाली. हातात जाड मोजे, काचेखालून दोन पट्टे. अख्ख्या इमारतीत आता एकच आवाज होता.

"पायरी. पायरी. थांब. माझ्याकडे. चल. पायरी."

आईने हा आवाज कधी ऐकला नव्हता. घरी ठमी बोलायची ती भराभर, दुसऱ्याचं वाक्य तोडत, अर्धं बोलणं घासाबरोबर गिळत. इथे प्रत्येक शब्द वेगळा येत होता, वाटी ओट्यावर ठेवावी तसा, आवाज न करता आणि बरोबर जागी. आणि त्या शब्दासरशी पांढऱ्या केसांचा, भरल्या अंगाचा माणूस पाय उचलत होता, टेकवत होता, थांबत होता. मागे वळून बघत नव्हता.

दोघं वळणावर पोहोचले. तिथे काच फिरवायची होती, म्हणून ठमीने ती कलती घेतली. वळवायची तर काच कलतीच घ्यावी लागते. आईला हे नंतर कळलं. त्या क्षणी वरून तिला दिसलं ते एवढंच, की भिंतीएवढी काच आपल्या पोरीच्या डोक्यावर ओणवी झाली आहे आणि पोर तिच्याखाली वाकली आहे. पाय आपोआप निघाले. दोन पायऱ्या, तीन पायऱ्या, दोन्ही हात पुढे. "थांबा, मी धरते," ती म्हणाली.

पाठीमागे कुणीतरी आलं हे मिस्त्रींना जाणवलं. धक्का लागू नये म्हणून त्यांनी कोपर जरासं आत घेतलं. तेवढ्यानेच वरचा कोपरा भिंतीला टेकला. दाताखाली साखरेचा खडा फुटावा तसा आवाज झाला.

"आई, वर."

ठमीने मान वर केली नव्हती. आवाज चढवला नव्हता. 'पायरी' म्हणत होती त्याच आवाजात म्हणाली होती. आणि चोवीस वर्षांत जिने लेकीचं एकही म्हणणं दोनदा 'का?' विचारल्याशिवाय मान्य केलं नव्हतं, ती बाई वळली आणि वर गेली.

"भिंतीकडे," ठमी म्हणाली. "सोड."

मिस्त्रींनी सोडली. काय झालं, कुठे झालं, काही विचारलं नाही, खाली वाकून बघितलं नाही. हात उघडले आणि एक पायरी मागे चढले. ठमी त्याच क्षणी उलट्या दिशेला भिंतीला पाठ लावून उभी होती. काच कोपऱ्यात पडली आणि तिचा आवाज वरच्या हॉलपासून खालच्या दारापर्यंत घुमला. वळणावरून काही तुकडे पायऱ्या उतरत गेले. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. जिन्याखालच्या खुर्चीच्या बैठकीवर टिचभर तुकडा येऊन पडला.

खालून आजोबांचा आवाज आला, "पडली का?"

"पडली, आजोबा," ठमी म्हणाली. "कुणी जागचं हलू नका."

मिस्त्री तिच्याकडे बघत होते. "कुठे दिसलं?"

"कोपऱ्यातून रेघ निघाली. तिरपी खाली आली, माझ्या अंगठ्यापर्यंत."

"मला काहीच दिसलं नाही."

"तुम्हाला कसं दिसेल, काका? तुम्ही वर होतात."

मिस्त्रींनी तिचे मोजे काढायला लावून दोन्ही मनगटं बघितली आणि म्हणाले, "वरचं अर्धं सुटून इथे आलं असतं." त्यांनी हे हळूच म्हटलं, पण जिन्यात सगळंच ऐकू येतं. आईने कठड्याला धरलं.

"माझ्यामुळे झालं," ती वरून म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी मध्ये आले."

"बाई, वरचं टोक रिकामं आहे की नाही ते मी बघायला हवं होतं," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही नाही, मी," ठमी म्हणाली. ती चिडली होती, पण स्वतःवर. "वर उभं राहायचं नाही असं मी दुसऱ्या कुठल्याही बाईला सांगितलं असतं. आई आहे म्हणून गप्प बसले. पुन्हा नाही बसणार."

मग तिने झाडू घेतला. शिपाई पुढे झाला, एक वाचक पुढे झाला, तिने दोघांनाही थांबवलं. "कुणी मदत करू नका. खरंच."

"घ्या," खालून आजोबा म्हणाले. "हेल्परच म्हणते मदत करू नका."

हसू पिकलं. आईलाही हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. तो शब्द चारचौघांत, तिच्या पोरीच्या तोंडावर म्हटला गेला होता आणि अंगाला कुठेही बोचला नव्हता. ती पायरीवर बसून बघत राहिली. ठमी मोठे तुकडे आधी उचलत होती, मग मधले, मग झाडू, मग ओलं फडकं. एकेक पायरी, कठड्याच्या गजांमधल्या फटीसुद्धा. इतकी वर्षं शब्दांत घालवून आईला हेल्परचा अर्थ माहीत नव्हता तो हा. मदत करायला तर कुणीही धावतं. मघाशी ती स्वतःच धावली होती, जीव काढून धावली होती. हेल्पर म्हणजे धावणारा नव्हे. दुसऱ्या माणसाचे हात, पाय, पाठ ज्याच्या डोळ्यांवर सोपवलेली असतात, तो. घरात साधी खिडकी लाव म्हटलं तर तिघं मिळून चार प्रश्न विचारायचे. आणि उभा जन्म काचेत घालवलेल्या माणसाने या पोरीच्या एका शब्दावर हातातली काच सोडून दिली होती, कारण न विचारता.

दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आई उभीच राहिली.

"बसा. ती मुलगी तुमची?"

"हो."

"मला वाटलं होतं, इंटिरियरच्या फर्ममध्ये..."

"काचेच्या दुकानात हेल्पर आहे," आई म्हणाली. शब्द इतका सरळ बाहेर पडला की तिचं तिलाच नवल वाटलं.

साहेबांनी चष्मा काढला. साहेब रागावणार असं तिला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "बाई, त्या आजोबांना त्या खुर्चीवरून मी आजवर उठवू शकलो नाही. मला कपासकट परत पाठवलं तिने. मला असंच माणूस हवंय. उद्यापासून येऊ दे तिला."

आठवडाभर जे देवाजवळ मागत होती ते असं समोर ताटात वाढलेलं होतं. आईने पदर सारखा केला.

"ती नाही येणार, सर."

"विचारा तर खरं. विचार करतेय म्हणाला होतात ना?"

"तिने नाही म्हणून सांगितलंय."

"कधी? आत्ता?"

"तुम्ही विचारलंत त्याच दिवशी. विचार मी करत होते."

साहेबांना हसू आवरेना. "आणि आता झाला का करून?"

"झाला," आई म्हणाली. "तिच्या जागेवर दुसरं कुणी उभं राहिलं तर त्या मिस्त्रींचं काय होईल, ते मला आज दिसलं. तुम्ही दुसरं माणूस बघा."

संध्याकाळी तिने हे घरी सांगितलं. ठमीने जेवताना आईच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला. बाबांना मात्र सगळं दोनदा ऐकायचं होतं. "'आई, वर' असं म्हणाली? आणि तू गेलीस? एका शब्दात?" ते म्हणाले. "ठमे, हे मलाही शिकव."

दुसरी काच आली त्या दिवशी ठमीने काउंटरपाशी येऊन सांगितलं, "आई, तू खाली. दारात उभी राहा. कुणालाही आत सोडू नकोस. आणि हात मागे."

आई दारात उभी राहिली, हात मागे बांधून. जिन्याकडे तिची पाठ होती. वळून बघावंसं फार वाटत होतं, पण तिने मान वळवली नाही. कान मात्र तिकडेच होते. "पायरी. पायरी. थांब." शब्द हळूहळू वर सरकत होते. वळणापाशी शब्द थांबले. बराच वेळ काहीच नाही. मग, "चल."

बाहेरून नेहमीचे एक वाचक पुस्तकं काखेत मारून घाईघाईने आले. "काय हो बाई, आज बंद का?"

"काच वर चालली आहे. थांबा जरा."

"कोण नेतंय? ते चौकातले मिस्त्री का?"

"माझी मुलगी नेतेय," आई म्हणाली. "दुसऱ्या टोकाला मिस्त्री आहेत."